चार नंबरचा तंबू

धामणबोडीच्या तलावावर येणारे पाहुणे बायजाबाई सलामेला मावशी म्हणत आणि तिच्या हातच्या झुणक्याचा फोटो काढून नेत. तिचा स्वतःचा फोटो कोणी काढला नाही; काढायला गेले असते तरी तिनं पदर तोंडावर ओढला असता. सडक अर्जुनीहून आत वळलं की डांबरी रस्ता संपतो, सागाचं रान लागतं आणि रानाच्या पोटात हा तलाव दिसतो. जुन्या काळी कोहळी लोकांनी पाळ घालून पाणी अडवलं, त्यावर खालच्या तीन गावांचा धान पिकतो. अलीकडे समितीनं काठावर बाग केली, चार तंबू उभारले, सिमेंटचं जेवणघर बांधलं आणि फाटकावर पाटी लावली: मासेमारी, मुक्काम, वन्यप्राणी दर्शन. पाहुणे पाटी वाचून येतात. वन्यप्राण्यांना वाचता येत नाही, ते त्यांच्या सवडीनं येतात.

बायजाबाई तिथं सहा वर्षांपासून स्वयंपाक करत होती, तंबू झाडत होती, गाद्या उन्हात टाकत होती. घर त्या नोकरीवर चालत होतं, कारण तिचा नवरा टेकचंद कामाचा राहिला नव्हता. अकरा वर्षांपूर्वी, मोहाच्या दिवसांत, पहाटे फुलं वेचायला गेलेल्या टेकचंदला अस्वलानं धरलं होतं. एक डोळा गेला. जबडा वाकडा जुळला. बोलताना अजूनही त्याच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळ येई आणि तो दुपट्ट्यानं पुशी. एरवी माणूस शांत. पण मोहाचा वास आला की तो उठून घरात जाई, दार लावून घेई आणि घामानं भिजे. शेजारणीनं अंगणात फुलं वाळत घातली तर त्या दिवशी तो जेवत नसे. तेव्हापासून त्या घरात मोहाचं फूल आलं नाही. "आता आपल्या घरी मोह नाई," असं बायजाबाईनं चुलीपुढं बसून कबूल केलं होतं.

कबूल करणं सोपं असतं. पाळेवरची मोहाची दोन झाडं सासऱ्याच्या काळापासून सलाम्यांची. कागदावर रान सरकारचं, पण कोणतं झाड कोणाचं हे गावात शेंबड्या पोरालाही पाठ. सात हंगाम बायजाबाईनं आपल्या झाडाखाली दुसऱ्यांच्या टोपल्या भरताना पाहिल्या. आठव्या हंगामाला तिला ते पाहवलं नाही. कामावर जाता जाता ती वेचू लागली, बाहेरच कुठं तरी वाळवू लागली आणि वाळली की परस्पर बाजारात नेऊ लागली. नवऱ्याला यातलं काही ठाऊक नाही, असा तिचा समज होता.

या वर्षी फुलं वाळवायला तिला फारच छान जागा मिळाली. मार्चच्या वादळात तीन तंबूंचं कापड फाटलं आणि शिवायला गेलं. चौथ्याचा खांब मोडला, पण तंबू कसाबसा उभा होता. बुकिंग बंद. दुपारी त्या चार नंबरच्या तंबूत भट्टीसारखी धग असे. आत गाई येत नाहीत, माकडं येत नाहीत, दोन दिवसांत फूल मनुक्यासारखं होई. बायजाबाई खालच्या ताडपत्रीवर फुलं पसरी, वाळलेली चुंगडीत, म्हणजे लहान पोत्यात, भरी आणि चुंगडी कोपऱ्यात ठेवी. आता अस्वलानं फाडलेल्या माणसाच्या बायकोनं माणसं निजायच्या जागी मोह वाळवावा, याला काय म्हणावं? अक्कल गहाण पडली म्हणावं. पण तंबू रिकामा होता, आणि जे काम हात लहानपणापासून करत आले त्यात धोका आहे हे हातांना कोण सांगणार.

त्यात चार दिवसांपासून पाळेवर अस्वलीण येत होती. पिल्लू सोबत. बायजाबाईनं पावलं पाहिली होती, माणसाच्या पावलासारखीच, फक्त पुढं नखांच्या रेघा. म्हणून ती चांगलं उजाडल्याशिवाय झाडाखाली जात नव्हती. स्वतःपुरती ती सावध होती.

शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला ती घरी भाजी निवडत बसली होती. टेकचंद शेजारी खाटेवर. फोन वाजला. तलावाचा कारभार बघणारा चंद्रकुमार कापगते होता, तिच्या मुलीच्या, संध्याच्या, वयाचा.

"मावशी, गोंदियावरून चार पाहुणे आले. बुकिंग नाई, काई नाई. म्हातारी सोबत हाय, वापस कसा पाठवू? जीपवाला सोडून चालला गेला, उद्या दहाले येईन. चार नंबरचा खांब ईश्वरदासनं बसवून देल्ला. तिथंच झोपवतो. सकाळी सहाले या."

"चार नंबर?"

"हो ना. आतमंदी एक चुंगडी पडली होती. कोंड्या-बिंड्याची असन म्हणून खाटेखाली सरकवली. तुमची हाय काय?"

बायजाबाईनं टेकचंदकडे पाहिलं. तो शेंगेचा दोरा काढत होता.

"नाई भाऊ," ती म्हणाली. "मले नाई माहीत."

"बरं बरं," म्हणून चंद्रकुमारनं फोन ठेवला.

"काय म्हणते?" टेकचंदनं विचारलं.

"पाहुणे आले म्हणते. सकाळी लवकर बलावलं."

तिनं भाजी चिरायला घेतली. दोन मिनिटांत विळीवर बोट कापलं. बोट तोंडात धरून ती बसून राहिली, आणि मग तिला जे दिसायचं होतं ते दिसू लागलं. खाट. खाटेखाली चुंगडी. खाटेवर म्हातारी. दिवस बुडाला की टेकडीवरून उतरणारी अस्वलीण. पाळेवरच्या झाडांखाली फुलं पहाटे पडतात, संध्याकाळी तिथं काही नसतं. चुंगडीत मात्र आठ दिवसांची फुलं होती. वाऱ्यानं तो वास कुठवर जातो हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती.

तिनं फोन घेऊन परसात जाऊन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. तलावावर फक्त फाटकापाशी, पाटीखाली उभं राहिलं तरच रेंज येते, आणि चंद्रकुमार पाटीखालून केव्हाच निघून गेला होता. सहा वाजले. ती आत आली, भात टाकला, पुन्हा बाहेर गेली, पुन्हा फोन लावला. सांगितलं तर नोकरी जाईल, घरात हा माणूस, मग खायचं काय, हा विचार तिच्या डोक्यात गरगर फिरत होता, आणि त्याच्या आड ती म्हातारी. असा पाऊण तास गेला. भात करपला.

"किल्ली मायाजवर राह्यली जेवणघराची," ती टेकचंदला म्हणाली. "देऊन येतो."

"आता? दिवस बुडून राहिला व."

"पाहुणे उपाशी राहतीन ना."

अकरा वर्षांत टेकचंदनं दिवस बुडल्यावर पाळ ओलांडली नव्हती. तो उठला, बॅटरी आणि काठी काढून दिली, आणि गावच्या शेवटच्या घरापर्यंत तिच्यासोबत चालत आला. तिथं थांबला. तिनं मागं वळून पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर तिला रडू आलं असतं.

तलाव दोन किलोमीटर. पाळेवर चढण्याआधी तिनं नेहमीसारखा रिकामा डबा काठीनं वाजवायला सुरुवात केली. माणूस येतो आहे हे अस्वलाला आधी कळलं म्हणजे ते वाट सोडतं, म्हणून मोह वेचणाऱ्या बाया असाच डबा बडवत जातात. आज डब्याचा आवाज ऐकून तिचा तिलाच राग आला. वाजव आता, ती मनात म्हणाली, तोंडानं बोलायचं होतं तेव्हा दातखीळ बसली. सूर्य टेकडीमागं गेला होता. तलावाचं पाणी अजून उजळ होतं, पण मोहाच्या झाडांखाली अंधार साचला होता. दुसऱ्या झाडाशी वाटेवर ताजी विष्ठा पडलेली, फुलांच्या सालींनी भरलेली. तिनं बॅटरीचा उजेड टाकला. ओली होती.

त्यानंतर बायजाबाई पळाली. पन्नाशीची बाई, काठी आणि बॅटरी एका हातात, डबा दुसऱ्या हातात, लुगडं गुडघ्यापर्यंत ओढून.

फाटकातून शिरताच तिला पाण्याकडून हसण्याचे आवाज आले. मचाणासारख्या लाकडी फळ्यांवर चंद्रकुमार, नावाडी ईश्वरदास आणि पाहुणे गळ टाकून बसले होते. गोंदियाचे वीरेंद्र बिसेन, त्यांची बायको नीतू आणि आठ वर्षांची डिंपल. डिंपलच्या गळाला बोटाएवढा मासा लागला होता आणि त्याला सोडायचं की ठेवायचं यावर घरात मतभेद चालले होते. बायजाबाईनं मोजलं. तीन. म्हातारी नव्हती.

ती झाडांच्या आडून थेट चार नंबरकडे गेली. तंबूचं तोंड उघडं होतं. आत कंदील, आणि खाटेवर पाय लांब करून यशोदाबाई बसल्या होत्या, वीरेंद्रची आई, सत्तरीच्या, गुडघे धरलेल्या. त्या काही तरी चघळत होत्या.

"ये बाई, ये," त्या म्हणाल्या. "तूच सयपाकवाली काय? खाटेखाली कोणाचं गठुडं हाय पाय ना. सुटून पडलं होतं. मोहफुलं! कित्ती बरसानं तोंडात टाकले. आमी पोट्टे होतो तवा माय उकडून द्यायची."

बायजाबाई मटकन खाली बसली.

"माय, ते माये हायेत," ती म्हणाली. "चुकून राह्यले. नेऊन टाकतो."

यशोदाबाईंनी तिच्याकडं नीट पाहिलं. खेड्यात जन्मलेली बाई. तिला नोकरी म्हणजे काय, चोरून केलेलं काम म्हणजे काय, सगळं एका नजरेत समजलं.

"ने," त्या हळूच म्हणाल्या. "त्या बाबूले समजलं तर रागवन तुले. मी कोणाले सांगत नाई. जा, लवकर ने."

देव भेटला असता तरी बायजाबाईला इतकं बरं वाटलं नसतं. तिनं चुंगडी खांद्यावर घेतली, तंबूच्या मागून पाण्यावर गेली, तिच्यात दगड भरला, तोंड आवळलं आणि गाळात लोटून दिली. बुडबुडे आले. संपलं. कोणी पाहिलं नाही. आता किल्ली दिल्याचं नाटक करायचं आणि घरी जायचं. तिनं पाण्यानं तोंड धुतलं, पदरानं पुसलं, आणि पदराला मोहाचा वास आला.

ती तशीच उभी राहिली. मग परत तंबूत गेली.

"काय झालं व?" यशोदाबाई म्हणाल्या.

बायजाबाईनं उत्तर दिलं नाही. गुडघ्यांवर बसून तिनं खाटेखालची चटई उचलली. ताडपत्री तपकिरी झाली होती. आठ दिवस फुलांचा रस उतरून उतरून तो डाग कापडात मुरला होता, शिवणीत चिरडलेली फुलं अडकली होती, आणि हाताला चिकट लागत होतं. तिनं नखानं खरवडून पाहिलं. हे काही आज रात्रीत धुऊन निघणारं नव्हतं. चुंगडी बुडाली होती, तंबूच चुंगडी झाला होता.

आणि आता तिच्यासमोर दोनच वाटा होत्या, सांगून टाकायचं किंवा गप्प राहायचं. गप्प राहिलं तर ही म्हातारी, ती नात, सगळे इथं झोपतील. कदाचित काहीच होणार नाही. कदाचित अस्वलीण पाळेवरूनच परत जाईल. हे 'कदाचित' तिला किती गोड वाटलं, ते तिचं तिला माहीत. तिनं यशोदाबाईंचा हात धरला. "माय, चाला. उठा. जेवणघरात चाला," ती म्हणाली आणि म्हातारीला जवळजवळ उचलूनच बाहेर काढलं.

जेवणघराच्या ओट्यावर त्यांना बसवून ती पाण्याकाठी गेली आणि सगळ्यांसमोर, मध्ये न थांबता, सांगून टाकलं. चुंगडी माझी. आत मोह होता. फोनवर मी खोटं बोलली. चार नंबरमध्ये आज कोणी झोपायचं नाही.

चंद्रकुमारचा चेहरा आधी लाल झाला, मग त्यानं पाहुण्यांकडे पाहून हसू आणलं. "मावशी, काढली ना चुंगडी? मंग झालं. उगी पाहुण्याइले भेव नोका दावू. सकाळी बोलू आपण."

"नाई झालं भाऊ. ताडपत्रीत मुरला वास."

"अरे, वासानं काय होते?"

बायजाबाईचा आवाज चढला. नोकरीवर असल्यापासून पहिल्यांदाच. "संध्याच्या बापाले अस्वलानं धरलं तवा टोपली नोहोती त्याच्याजवर. टोपली झाडाखालीच राह्यली होती. घरी येऊन राहिला होता तो. दुपट्ट्याले वास होता फक्त! थो दुपट्टा गळ्यात होता म्हणून तोंड फाडलं त्याचं. पायलं ना तुमी त्याचं तोंड?"

चंद्रकुमारनं पाहिलं होतं. गावात कोणी पाहिलं नव्हतं? त्यानं गळ गुंडाळायला घेतला.

"मतलब भालू यहाँ आएगा?" वीरेंद्रनं विचारलं, आणि नीतूनं डिंपलला कडेवर उचललं, जरी ती कडेवर घ्यायच्या वयाची नव्हती. मासा फळ्यांवर तडफडत होता. ईश्वरदासनं त्याला पायानं पाण्यात लोटलं आणि सगळे जेवणघराकडे निघाले.

बॅगा आणल्या नाहीत, अंथरुणं आणली नाहीत. बायजाबाईनं कोणाला तंबूकडे जाऊच दिलं नाही. स्वतःचं लुगडंही तिनं बदललं, ईश्वरदासची जुनी चादर गुंडाळली आणि लुगडं चुलीत घातलं. लोखंडी दार लावून त्याला आतून टेबल टेकवलं. तिनं भात केला, कोणी धड खाल्ला नाही. आठ वाजायला आले तरी काही नाही. चंद्रकुमार घड्याळ पाहून तिच्याकडं पाहत होता, आणि तिला वाटत होतं की येऊच नये, आणि वाटत होतं की आली नाही तर आपण सगळ्यांना उगाच घाबरवलं असं होईल, आणि या दुसऱ्या वाटण्याची तिला मनापासून लाज वाटली.

मग कापड फाटल्याचा आवाज आला. लांबलचक, टरकन. पाठोपाठ भांडं पडलं, खाट उलटली, आणि एक फुरफुर, घोगरी, खालच्या सुरात, जी बायजाबाईनं अकरा वर्षांपूर्वी त्या पहाटे, टेकचंदच्या मागून येताना, एकदाच ऐकली होती. डिंपल आजीच्या मांडीत तोंड खुपसून बसली. यशोदाबाई तोंडातल्या तोंडात काही म्हणत होत्या. बायजाबाई दाराला पाठ लावून उभी होती. अर्धा तास तो आवाज चालला, मग पाळेकडे गेला.

सकाळी सगळ्यांनी जाऊन पाहिलं. तंबूची मागची बाजू वरपासून खालपर्यंत उघडी पडली होती. गादीचा कापूस झाडांना लागला होता. ताडपत्रीच्या डागाच्या जागी भोक होतं आणि खाली माती उकरलेली. यशोदाबाईंची उशी तलावाकाठी सापडली. वीरेंद्रनं फोटो काढले, नीतू बायजाबाईच्या गळ्यात पडून रडली. "आपने हमारी जान बचाई, दीदी," असं ती चार-पाच वेळा म्हणाली. चंद्रकुमार बाजूला घेऊन म्हणाला, "मावशी, समितीले काय सांगाचं ते मी पायतो. तुमी होत्या म्हणून माणसं वाचली. नोकरी कोठी नाई जात तुमची." डिंपलनं तिच्यासोबत फोटो काढून मागितला. बायजाबाईनं चादरीचा पदर तोंडावर ओढला नाही. तिला ते सुचलंच नाही.

नऊ वाजता ती घरी आली, ईश्वरदासच्या चादरीत. टेकचंद ओट्यावर बसला होता, रात्रभर बसलेल्या माणसासारखा. तिनं त्याच्यासमोर बसून सगळं सांगितलं. झाडं, चार वर्षं, बाजार, तंबू, म्हातारी, अस्वलीण. ती वाट पाहत होती की तो उठून आत जाईल आणि दार लावेल. तो उठला नाही.

"मोहाचं मले माहीत हाय," तो म्हणाला. "तुया लुगड्याले वास येते. चार बरसापासून येते. मी काई बोललो काय कधी?"

बायजाबाईनं अंगावरची चादर आवळून घेतली.

"फोनवर चंद्रकुमारनं तुले चुंगडीचं विचारलं होतं?"

"विचारलं होतं."

"मंग तवाच काऊन नाई सांगतली?"

तुम्ही शेजारी बसला होता म्हणून, हे उत्तर तिच्या जिभेवर तयार होतं. पूर्ण खोटंही नव्हतं ते. त्याला वाईट वाटलं असतं, आणि त्यानं तिथंच विषय सोडला असता. तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं, त्या जुळलेल्या जबड्याकडे, बुजलेल्या डोळ्याकडे.

"नोकरी जाईन म्हणून," ती म्हणाली.

टेकचंदनं दुपट्ट्यानं ओठाचा कोपरा पुसला. आवाज चढवला नाही; त्याला चढवताही येत नसे.

"मले धरलं तवा कोणालेच माहीत नोहोतं, बायजे," तो म्हणाला. "तुले माहीत होतं."